चार घोट साधं पाणी

आजोबा वाचले, हे आधीच सांगून टाकते. ज्या गोष्टीत म्हातारं माणूस शेवटच्या पानावर मरतं ती मला वाचवत नाही, आणि जे मला सोसत नाही ते मी दुसऱ्याच्या गळ्यात मारणार नाही. आजोबा वाचले. माझं दृढीकरणही ठरल्या दिवशी झालं, बिशपांनी कपाळाला तेल लावलं, आईने फोटो काढले आणि प्रत्येक फोटोत माझे डोळे मिटलेले आले. मधले चार दिवस मात्र कसे गेले ते माझं मला माहीत.

तेव्हा मी सोळा वर्षांची होते. आमच्या चर्चमध्ये त्या वयाच्या मुलांना दृढीकरणाआधी वर्षभर धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसावं लागतं. बाप्तिस्मा तान्हेपणी होतो, तेव्हा आपल्याला कोणी विचारत नाही. दृढीकरणाला आपण आपल्या पायांवर उभं राहून हो म्हणायचं असतं. आणि हो म्हणण्याआधी चाळीस तास कुणाची तरी सेवा करायची, कुरकुर न करता. तासांचं काही वाटलं नाही, कुरकुरीचं जड गेलं.

वर्ग घ्यायची माझी सख्खी मावशी. ती पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांना ‘पत्ता नीट लिहा’ सांगून घसा बसतो, आणि तोच बसलेला घसा घेऊन ती संध्याकाळी आमच्यापुढे उभी राहते. घरी ती मला ‘चिमणे’ म्हणते. वर्गात आल्यावर मात्र ओळखसुद्धा दाखवत नाही, उलट इतरांपेक्षा मलाच जास्त प्रश्न विचारते.

त्या महिन्यात दयेची सात कृत्यं चालू होती. भुकेल्याला जेवण, तहानलेल्याला पाणी, उघड्याला कपडा, बेघराला आसरा, आजाऱ्याची विचारपूस, बंदिवानाची भेट आणि मेलेल्याला मूठमाती. नुसतं पाठ करून मावशीचं समाधान होणार नव्हतं. तिने बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. ज्याला जी निघेल ते त्याने आठवड्याभरात करायचं आणि पुढच्या वर्गात उभं राहून सांगायचं. मूठमाती ज्याच्या वाट्याला आली तो हवालदिल झाला. शेवटी त्याने शेजाऱ्यांचा मेलेला मासा, त्यांची रीतसर परवानगी घेऊन, कुंडीत पुरला. बंदिवान जिला आला ती परीक्षेसाठी घरात कोंडून घातलेल्या चुलतभावाला भेटून आली. मला पाणी आलं. सगळे म्हणाले, सुटलीस बाई. मलाही तसंच वाटलं, पण मावशीने तिथेच खोडा घातला.

“घरच्यांना दिलेलं धरणार नाही. ज्याला खरंच तहान लागलीय अशाला.”

घरोघरी नळ असताना खरंच तहानलेला माणूस आणायचा कुठून? मी टपाल वाटणाऱ्याला विचारलं, त्याने पाठीवरची बाटली दाखवली. समोरच्या इमारतीला रंग देणाऱ्यांना विचारलं, ते म्हणाले, चहा असेल तर बघ. शनिवार उजाडला तरी माझी पाटी कोरी होती, आणि मावशीसमोर कोरी पाटी घेऊन उभं राहण्यापेक्षा मी तापाने आडवी पडणं पसंत केलं असतं.

चाळीस तासांसाठी मला वृद्धांचं घर मिळालं होतं. दुमजली इमारत, लांबच लांब कॉरिडॉर, फिनेलचा वास. मी दर शनिवारी सकाळी जायचे. चादरी बदलायला मदत, वर्तमानपत्र वाचून दाखवणं, चष्मे शोधून देणं. शेवटचं काम सगळ्यांत मोठं. खालच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत प्लंबरआजोबा असायचे. त्यांनी चाळीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त केले होते. अकरा आठवड्यांपूर्वी त्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणं हळू झालं होतं, तोंडाच्या एकाच कोपऱ्यातून यायचं, पण कान शाबूत होते. भिंतीतून पाणी गेलं की ते सांगायचे, वर कुणी आंघोळ करतंय की बादली भरतंय. कॉरिडॉरमधला एक नळ ठिबकत होता. “वॉशर गेलाय,” ते मला दर आठवड्याला सांगायचे. “दोन मिनिटांचं काम. कुणी करत नाही.”

झटक्याने त्यांचं गिळणंही बिघडलं होतं. पलंगावर निळं कार्ड लावलेलं: साधं पाणी देऊ नये. त्यांच्या पाण्यात एक पावडर घालून ते दाट करायचे, मग ते चमच्याने भरवायचं. आजोबा त्याला खळ म्हणायचे. “ही खळ पोस्टरं चिकटवायला द्या, मला नको.” का द्यायचं नाही हे नर्सताईंनी मला पहिल्याच दिवशी नीट समजावलं होतं. त्यांचा आवाज तसा खणखणीत, पण हे त्यांनी हळू सांगितलं. पाणी पातळ असतं, पटकन सरकतं, यांचा घसा तेवढ्या वेळात बंद होत नाही. घोट चुकला की छातीत जातो. छातीत गेला की न्यूमोनिया, आणि या वयात न्यूमोनिया म्हणजे माणूस हातचा गेला. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला सगळं माहीत होतं.

त्या शनिवारी अकराच्या सुमारास शेजारच्या पलंगावरच्या आजोबांना बाहेर उन्हात नेलं होतं आणि खोलीत आम्ही दोघंच होतो. मी त्यांना वर्तमानपत्रातली धरणाची बातमी वाचून दाखवत होते. बातमी संपली तसे ते म्हणाले, “पोरी, एक घोट दे.”

मी दाट पाण्याचा पेला उचलला.

“ते नको. नळाचं.”

“आजोबा, नाही देता येणार.”

“चाळीस वर्षं लोकांच्या घरात पाणी आणलं मी. तिसऱ्या मजल्यावर, पाचव्या मजल्यावर. तो नळ दिवसभर ठिबकतोय, मी ऐकतोय, आणि माझी जीभ बघ.” त्यांनी जीभ बाहेर काढून दाखवली. ती खरंच कोरडी पडली होती, मधोमध भेगाळलेली. “मला खरंच तहान लागलीय गं.”

मावशीचे शब्द, जसेच्या तसे. माझ्या डोक्यात त्या क्षणी निळं कार्ड नव्हतं, बिस्किटांचा डबा होता. देवानेच पाठवलंय, असं मला वाटलं. खोटं का सांगू, दया आली हे खरं, पण पुढच्या वर्गात उभं राहून हे सांगताना किती भारी वाटेल हेही त्यात होतं. मी बेसिनवर गेले, पेला अर्धा भरला, त्यांना उशीला टेकवून ताठ बसवलं आणि पेला ओठांना लावला.

पहिला घोट त्यांनी तोंडात नुसता धरून ठेवला. मग गिळला. डोळे मिटले. दुसरा घेतला, तिसरा घेतला. “गार आहे,” ते म्हणाले. इतकं स्पष्ट त्यांचं बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. चौथा घोट घेताना त्यांना आणखी काही बोलायचं होतं, आणि बोलणं आणि गिळणं एकदमच झालं.

तो खोकला मी विसरणार नाही. चेहरा आधी लाल झाला, मग काळपट. त्यांचा चालता हात चादर ओढत होता. मी त्यांना पुढे वाकवलं, पाठीवर थापट्या मारल्या. बऱ्याच वेळाने खोकला थांबला. श्वास परत आला, पण घशात गुळण्या केल्यासारखा आवाज राहिला.

नर्सताई दारात आल्या. “काय झालं?”

“ठसका लागला.”

“दाट पाण्यानेच ना?”

“हो,” मी म्हटलं.

पेला मी पाठीमागे धरला होता. त्या गेल्यावर आजोबांनी माझं मनगट पकडलं. “कुणाला सांगू नको. लेक उगाच घाबरेल.” त्यांच्या सदऱ्याची ओली कॉलर मी टॉवेलने टिपली, पेला पुसून जागेवर ठेवला आणि तासाभराने घरी आले. जेवताना आईने विचारलं, आज गप्प का. मी म्हटलं, डोकं दुखतंय, आणि ते खरंच दुखायला लागलं.

चार वाजता आम्हा सगळ्यांना पापनिवेदनाला बोलावलं होतं. दृढीकरण पंधरा दिवसांवर आलं होतं, म्हणून आधी मन स्वच्छ करायचं. रांगेत उभी असताना मला एकदम हायसं वाटलं. हेच तर ठिकाण. इथे सगळं सांगायचं, फादर क्षमा देतात, आणि इथे सांगितलेलं बाहेर कुणालाही कळत नाही. नर्सताईंना नाही, लेकीला नाही, मावशीला तर नाहीच. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. माझा नंबर आला तेव्हा पाच वाजत आले होते.

जाळीपलीकडे फादर नाक शिंकरत होते, त्यांना बारा महिने सर्दी असते. मी गुडघे टेकले आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं. कार्ड, डबा, चार घोट, खोकला, खोटं. सांगून झालं तशी छातीवरची धोंड उतरली. आता दोन-चार प्रार्थना सांगतील आणि सुटले, असं वाटलं.

फादर म्हणाले, “किती वाजता दिलंस?”

“अकराला.”

“आणि नर्सला कधी सांगितलंस?”

“नाही सांगितलं. तुम्हाला सांगितलं ना.”

पलीकडचं नाक शिंकरणं थांबलं. मग ते अगदी हळू म्हणाले, “बाळ, जगात ज्याला काहीच करता येत नाही अशा एकाच माणसाला तू हे सांगितलंस.”

मला कळेना.

“तू हेच दुसऱ्या कुणालाही सांगितलं असतंस, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला, तर त्याने फोन केला असता. मला फोन करता येत नाही. इथून उठून तिकडे जाता येत नाही. इथलं इथेच राहतं, माझा जीव गेला तरी. त्यांच्या छातीत काय चाललंय ते बघायला कुणीतरी लागेल, आणि ते फक्त तू बोलावू शकतेस.”

“मला भीती वाटते, फादर.”

“वाटणारच. तुला क्षमा हवी आहे ना? ती देतो, आत्ताच देतो, तू नर्सकडे गेलीस तर देईन असं म्हणत नाही.” आणि त्यांनी भरभर क्षमेचे शब्द म्हटले. इतक्या घाईने म्हटलेले मी कधी ऐकले नव्हते. “एक नमो मरिया म्हण. वाटेत म्हण. आता पळ.”

मी पळाले. रांगेतली मुलं बघत राहिली. मूठमातीवाल्याने नंतर मला विचारलं, एवढं काय केलं होतंस. मी म्हटलं, तुझ्या माशाला विचार.

चर्चपासून ते घर दोन रस्ते पलीकडे. नमो मरियाची प्रार्थना मी तीनदा सुरू केली आणि तीनदा अर्ध्यात विसरले. फाटकाशी मात्र पाय अडले. खिडकीतून नर्सताई औषधांची ट्रॉली ढकलताना दिसत होत्या. मनात आलं, त्यांना काही झालंच नसेल तर कशाला उगाच. तोच कॉरिडॉरच्या टोकाकडून खोकल्याचा आवाज आला. तो आजोबांचा होता की दुसऱ्या कुणाचा, देव जाणे. मी आत गेले आणि ट्रॉलीसमोर उभी राहून सांगितलं.

मला वाटलं होतं, त्या ओरडतील. त्यांनी हातातली गोळी डबीत परत टाकली आणि तडक कोपऱ्यातल्या खोलीकडे चालू लागल्या. मीही मागोमाग गेले. आजोबांना झोप लागली होती. नर्सताईंनी बोटाला चिमटा लावला, ताप बघितला, पाठीला नळी लावून ऐकलं, डॉक्टरांना फोन केला. अंगात थोडी कसर होती. मग त्यांनी वही काढली आणि मला एकेक विचारलं. किती पाणी. किती घोट. बसले होते की आडवे. खोकला कितव्या घोटाला. चेहरा किती वेळ काळा होता. मी सगळं सांगितलं. एकही गोष्ट राहिली नाही, आणि सांगता सांगता माझा आवाज थरथरायचा थांबला.

वही मिटल्यावर त्या म्हणाल्या, “पाणी दिलंस ते मी समजू शकते. सतरा वर्षांत मलाही कितीदा वाटलंय, द्यावं. पण मी दारात येऊन विचारलं तेव्हा तू हो म्हणालीस. तुझ्या त्या एका शब्दावर मी सहा तास निश्चिंत राहिले. त्याचा मला राग आहे, आणि तो लवकर जाणार नाही.”

मी मान खाली घातली. एवढं ऐकूनही मला बरं वाटत होतं हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. पण आता आजोबांकडे कुणीतरी बघत होतं.

डॉक्टर आले, त्यांनी औषध सुरू केलं, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करायला लावली. दर दोन तासांनी ताप बघा म्हणाले. मंगळवारपर्यंत छातीत काही दिसलं नाही तर धोका टळला, ताप चढला तर हॉस्पिटल. सहा वाजता आजोबांची लेक आली. ती छापखान्यात पुस्तकांच्या बांधणीचं काम करायची आणि कामावरून थेट यायची. तिच्या नखांत गोंद वाळलेला असायचा. नर्सताईंनी माझ्याकडे बघितलं. “त्यांना तूच सांग.”

मी सांगितलं. ती नखांतला गोंद खरवडत ऐकत होती. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

“चौथ्या घोटाला ठसका लागला?”

“चौथ्याच, ताई.”

“आधीचे तीन?”

“नीट गेले.”

“काही म्हणाले का?”

“गार आहे म्हणाले.”

ती खिडकीकडे वळली. बाहेर दोरीवर चादरी वाळत होत्या, त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे खांदे हलत होते. “अकरा आठवडे माझ्याकडे मागतायत,” ती म्हणाली. “रोज मी नाही म्हणते. रोज हात जोडतात आणि मी नाही म्हणते.” मग तिने नाक पुसलं आणि माझ्याकडे वळली. “पुन्हा असलं काही केलंस ना, तर तंगडी मोडून हातात देईन.” आणि थोडं थांबून, “उद्या येणार आहेस ना?”

मी हो म्हटलं. त्या दिवसातला हा माझा दुसरा हो.

घरी आई आणि मावशी दोघी होत्या. मी दोघींना एकदमच सांगून टाकलं, आता सांगायचा हातखंडा झाला होता. आई रडली. मावशीने आधी तिला रुमाल दिला. मग म्हणाली, “घरच्यांना दिलेलं धरणार नाही असं मीच म्हटलं होतं.” मी म्हटलं, कार्ड मला वाचता येत होतं. त्यावर ती म्हणाली की हे फादरना मी स्वतः सांगायचं, ती मध्ये पडणार नाही. मी म्हटलं, फादरना सांगून झालंय. तेवढ्यावर तो विषय संपला.

रविवारी सकाळी ताप वाढला. नर्सताईंना रविवारी सुट्टी, दुसऱ्या बाई होत्या, त्यांनी तापाच्या तक्त्यावरची रेघ वर ओढली. लेक पलंगाशी बसून होती. मी कपाटात उगाच टॉवेलांच्या घड्या घालत राहिले. दहा वाजता फादर कम्युनियनची पवित्र भाकर घेऊन आले. दर रविवारी ते सगळ्या पलंगांवरून फिरायचे आणि प्रत्येकापाशी मोठ्याने विचारायचे, काय म्हणते तब्येत. त्या दिवशीही विचारत आले. कंबर कशी आहे, झोप लागते का, नातू आला होता का. कोपऱ्यातल्या खोलीतही त्यांनी शेजारच्या पलंगावरच्या आजोबांच्या गुडघ्याची पाच मिनिटं चौकशी केली.

आमच्या आजोबांपाशी आल्यावर त्यांनी काहीच विचारलं नाही. कम्युनियनचा नखाएवढा तुकडा दाट पाण्याच्या चमच्यात ठेवला, भरवला. थोडं पाणी चादरीवर सांडलं. तक्त्याकडे नजरसुद्धा टाकली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “अभ्यास कसा चाललाय?”

माझं डोकं फिरलं. ज्या माणसाला मी कालच पोटातलं सगळं सांगितलं, ज्याने मला पळायला लावलं, तो मला अभ्यास विचारतोय. “बरा चाललाय,” मी म्हटलं, आणि टॉवेलांकडे वळले. निरोपाचा शब्दही बोलले नाही.

सोमवारी रेघ खाली आली. शाळा सुटल्यावर मी थेट गेले तर आजोबा जागे होते आणि खळ नको म्हणून भांडत होते. भांडताहेत हे बघून नर्सताईंनी माझ्याकडे पहिल्यांदा थोडं नीट बघितलं. मंगळवारी दुपारी डॉक्टरांनी पुढून ऐकलं, मागून ऐकलं, श्वास घ्या, सोडा, पुन्हा घ्या. लेकीने अर्धी रजा काढली होती. आम्ही तिघी भिंतीला पाठ लावून उभ्या होतो.

“छाती साफ आहे,” डॉक्टर म्हणाले.

नर्सताई चक्क खुर्चीत बसल्या, त्यांना बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. लेकीने माझा खांदा इतका घट्ट धरला की दुखला. माझा जीव भांड्यात पडला आणि मग मला हसू यायला लागलं, थांबेचना. आजोबा तोंडाच्या कोपऱ्यातून म्हणाले, “पाइप जुना आहे. गळत नाही.” डॉक्टरांनी वहीतली माझी हकिगत वाचली होती. तीन घोट नीट गेले म्हणताय, तर गिळण्याची तपासणी पुन्हा करू, म्हणाले. पुढे ती झाली, आणि दात घासून, ताठ बसवून, नर्ससमोर, दिवसाला काही चमचे साधं पाणी द्यायला परवानगी मिळाली. ते कसं भरवायचं हे लेकीला शिकवलं. मला कुणी शिकवलं नाही, आणि ते योग्यच होतं.

त्या संध्याकाळी मी मावशीकडे बातमी द्यायला गेले. ती वर्गाच्या खोलीत फळा पुसत होती. तिने मला जवळ घेतलं, वर्गाच्या खोलीत असूनही. मग आम्ही बसलो आणि मी भडास काढली. सगळे कसे धावले, नर्सताई, डॉक्टर, लेक, तू, आई. फक्त फादर. रविवारी शेजारच्यांच्या गुडघ्याची चौकशी, आणि आमच्या आजोबांना तब्येतसुद्धा विचारली नाही. मला म्हणे अभ्यास कसा चाललाय.

“तू त्यांना कुठे सांगितलं होतंस?”

“पापनिवेदनात.”

मावशीने डस्टर खाली ठेवलं. “अगं मग ते कसे विचारणार?”

“मलासुद्धा नाही?”

“तुलासुद्धा नाही. तू आपणहून विषय काढेपर्यंत त्यांना काही माहीतच नाही. नर्सला विचारलं आणि तिला शंका आली तर? नुसता चेहरा बदलला आणि कुणी ओळखलं तर? त्यांनी एक शब्द काढायचा नाही.” तिचा बसलेला आवाज आणखी बसला. “शनिवारपासून?”

मी बोटांवर मोजलं. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. मी नर्सताईंकडे पोचले की फाटकावरून मागे फिरले, हेसुद्धा त्यांना कळलेलं नव्हतं. रविवारी ते कोपऱ्यातल्या खोलीत आले, अंगाला हात लावल्याबरोबर त्यांना ताप कळला असणार, आणि तो ताप कशाचा हे कुणाला माहीत आहे की नाही, हे विचारायची त्यांना सोय नव्हती. मी तिथे टॉवेलांच्या घड्या घालत होते. त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं, आणि मी पाठ फिरवली होती.

मी दप्तर तिथेच टाकलं आणि निघाले. फादर चर्चच्या हॉलमध्ये होते. दृढीकरणाच्या दिवसासाठी घडीच्या खुर्च्या काढल्या होत्या आणि ते एकेक खुर्ची उलटी करून ढिले स्क्रू आवळत होते. मला बघून त्यांनी नेहमीसारखं म्हटलं, “काय गं, अभ्यास?”

“फादर, एक सांगायचंय. पापनिवेदनात नाही. इथेच, असंच उभ्या उभ्या.”

त्यांचा स्क्रूड्रायव्हर थांबला. “बोल.”

“शनिवारी मी प्लंबरआजोबांना साधं पाणी दिलं होतं. त्यांना ठसका लागला. त्याच दिवशी सव्वापाचला मी नर्सताईंना सांगितलं. पळत गेले होते. डॉक्टर लगेच आले. आज दुपारी त्यांनी तपासलं, छाती साफ आहे.”

 हातातलं फादरनी जमिनीवर ठेवलं, हॉलच्या पायरीपर्यंत चालत गेले आणि तिथे बसले. चष्मा काढला. दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून ते कितीतरी वेळ तसेच राहिले. मी आपली उभी. मोठं माणूस असं बसलं की काय करायचं हे आम्हाला वर्गात कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले.

“पळत गेलीस,” ते म्हणाले.

“हो.”

“सव्वापाचला.”

“हो, फादर. मला माहीत नव्हतं, तुम्हाला विचारता येत नाही ते. मला वाटलं, तुम्हाला काही पडलेलीच नाही.”

त्यांनी मान हलवली, ती हो होती की नाही ते कळलं नाही. चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसला, डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढून पुसला. मग माझ्याकडे वळले, आणि घरात शिरण्याआधी दारात थांबून विचारावं तसं विचारलं, “आता मी विचारू का?”

“विचारा ना,” मी म्हटलं.

“कसे आहेत आजोबा?”

मी सांगायला लागले. त्यांना सगळंच हवं होतं. ताप किती चढला, कधी उतरला, खोकला राहिलाय का, झोपतात का, लेक मला काय म्हणाली, आजोबा काय म्हणाले. मध्येच ते थांबवायचे आणि एखादी गोष्ट पुन्हा सांगायला लावायचे. दिवे लावायची वेळ झाली तरी आम्ही पायरीवरच होतो आणि निम्म्या खुर्च्या हॉलमध्ये उलट्याच पडल्या होत्या.